टाळी वाजवायची नाही

१

मल्लिकार्जुनला त्या दुपारी फिजिक्स नव्हे, टाळी शिकवायची होती.

लातूरच्या क्लासमधल्या पोरांना टाळ्यांची सवय फार. बोर्डात आलेल्या मुलाचा सत्कार झाला की टाळ्या, पाहुण्यांनी शाल घेतली की टाळ्या, बंद पडलेला माइक सुरू झाला तरी टाळ्या. आणि त्या संध्याकाळी तर खुद्द फ्रान्सहून माणसं येणार होती. भूकंपाला पंधरा वर्षं होत होती. जुनं गाव पडल्यावर ज्या फ्रेंच संस्थेनं नव्या गावात घरं बांधून दिली, तिनंच चार कलावंत पाठवले होते. एक पियानो वाजवणारा म्हातारा, एक व्हायोलिनवाली, गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन वाजवणारा एक चेलोवाला आणि एक गाणारी बाई. क्लासचे मालक अण्णारावसर यांनी आमचाच हॉल घ्या म्हणून हट्ट धरला. गल्लोगल्ली क्लास निघत असताना फ्रान्स आपल्या दारात आलंय, हे फ्लेक्सवर छापायला मिळालं म्हणून त्यांच्या पोटात आनंद मावत नव्हता.

"नीट ऐका," मल्लिकार्जुन पोरांना म्हणाला. "आधी गाणी होतील. मग एक मोठी चीज. ती चार तुकड्यांत आहे. एक तुकडा संपला की ते थांबणार. तेव्हा टाळी वाजवायची नाही. खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. ती शांतता त्यांच्या वाजवण्यातच धरतात. चौथा तुकडा संपला की मी हात वर करीन. मग वाजवा. हॉल पडला तरी चालेल."

मागची पोरं खो खो हसली. ती नांदेडची, हिमायतनगरची, कुठकुठली. पुढच्या बाकावर इथली पोरं होती, ती हसली नाहीत. मल्लिकार्जुननं जीभ चावली. लातुरात असली गोष्ट कुणी थट्टेत बोलत नाही, आणि त्याच्या तोंडून तर ती यायलाच नको होती.

२

तालमीसाठी शिवांगी स्टेजवर बसली होती. त्याची मुलगी, बारावीची, त्याच्या घरात उरलेलं एकच माणूस.

पियानोवाल्याला समोरची स्वरलिपीची पानं उलटायला कुणीतरी लागतं म्हणे. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, तेव्हा शेजारी स्टुलावर बसून वेळेवर पान उलटायचं. शिवांगीला शाळेच्या प्रार्थनेपुरती पेटी येत होती, शिवाय ती भूकंपातून वाचलेली मुलगी. अण्णारावसरांना दुसरं कुणी सुचणं शक्यच नव्हतं. म्हातारा मान हलवायचा, ती पान उलटायची. पिवळा ड्रेस, हिरवी ओढणी, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा गंभीर भाव. मल्लिकार्जुनला तिचं हसूही येत होतं आणि ऊरही भरून येत होता.

तालमीत पहिला तुकडा संपला. चेलोवाल्यानं गज खाली घेतला. म्हाताऱ्यानं हात मांडीवर ठेवले. कुणीच हललं नाही.

ठक ठक. आणि जरा थांबून, ठक.

आवाज बारीक होता. दगडावर धातूचं काहीतरी आपटावं तसा. मल्लिकार्जुनच्या मानेवर काटा आला, आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. पाइपमध्ये हवा अडकली की असा ठोका बसतो, हे तो दरवर्षी पोरांना शिकवत होता. फक्त पाण्याची टाकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती.

"पप्पा," शिवांगी स्टेजवरूनच म्हणाली, "कोण वाजवायलंय खाली?"

"पाइप आहे. तू पानांकडं बघ."

पण त्यानं तय्यबला गाठलंच. तय्यब मंडपवाला, स्टेज, खुर्च्या, जनरेटर सगळं त्याचंच. बिचारा लाल झालर वर करून, बॅटरी घेऊन स्टेजच्या पोकळीत पार आतपर्यंत सरपटत गेला आणि कपडे झटकत बाहेर आला.

"काय न्हाई सर. फरशी हाय. उंदीर बी न्हाई."

"खाली तळघर वगैरे?"

"कशाचं तळघर सर! पाया खांदताना काळा दगड लागला होता, म्या सोता बघितलो." मग तो कोपर झटकत म्हणाला, "थोडी माती हाय तेवढी. पांढरी. सकाळीच झाडून घेतलो होतो, कुठून आली की."

तय्यबच्या कोपराला पांढरी माती लागली होती. जुन्या गावात माळवदावर, घरांच्या सपाट छपरांवर, घालायचे ती. हात हात जाड थर असायचा, उन्हाळ्यात घर गार राहायचं. लातूरच्या स्लॅबच्या घरांत ती आता कुणी आणत नाही, आणायचं कारणच नाही.

३

नव्या गावात कुणी दार वाजवत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. कडी असते, दार असतं, पण माणूस अंगणात उभा राहून हाक मारतो. पोस्टमनसुद्धा हाक मारायला शिकला.

भूकंपाच्या त्या पहाटे मल्लिकार्जुन गणपती बोळवून पोरांबरोबर देवळाच्या आवारात झोपला होता, म्हणून वाचला. घरावर पोचला तर घर नव्हतं. दुपारी जवानांनी तुळईखालच्या पोकळीतून शिवांगीला बाहेर काढलं. अडीच वर्षांची पोर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, रडत नव्हती. तिची आई जगदेवी आणखी खाली होती, आणि जिवंत होती. ती तांब्या दगडावर आपटत होती. ठक ठक, आणि जरा थांबून, ठक.

सगळ्या गावात तसेच आवाज येत होते. जवान ओरडायचे, गप्प बसा, आवाज ऐका, आणि अख्खं गाव श्वास धरून उभं राहायचं. वरची माणसं दगडानं उत्तर द्यायची. उत्तर उलटं असायचं, आधी एक, मग दोन. म्हणजे ऐकलं, आलोच. मल्लिकार्जुननं रात्रभर उत्तर दिलं. क्रेन पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. पण त्याच्या आधी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच, ठोके थांबले होते.

यातलं त्यानं शिवांगीला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. दार वाजवायचं नाही, एवढं तेवढं लहानपणापासून बजावलं होतं. पोरीनं अभ्यास करावा, डॉक्टर व्हावं, खालच्या त्या काळोखाचं तिला काही आठवू नये, एवढंच तो मागत आला होता.

संध्याकाळी क्लासच्या बसनं नव्या गावची माणसं आली. त्यांच्यासाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. त्यात नागुबाई होती, त्याची चुलती, काठी टेकत आलेली. तो पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि स्टेजकडं बघत विचारलं, "पोरगी वर काय करायली रे?"

"पानं उलटते, काकू."

"हाव का." नागुबाई बसली. मग तिनं पायातली चप्पल काढली, अनवाणी पाऊल फरशीवर ठेवलं आणि झटकन वर घेतलं. "मल्लू, ही फरशी गार न्हाई."

४

गाणी सुरू झाली आणि मल्लिकार्जुन थोडा वेळ सगळं विसरला.

गाणारी बाई उंच, साधी, गळ्यात काही नाही. पुण्याहून आलेल्या दुभाषी मुलीनं सांगितलं, हे गाणं तलावातल्या चंद्राचं, हे परगावी गेलेल्या माणसाचं. कुणाला अक्षर कळत नव्हतं. तरी बाईचा आवाज इतका हलका होता की पोरं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. दरवाज्याशी तय्यबसुद्धा कानावरची विडी हातात धरून उभा होता. शिवांगी उठायची, पान उलटायची, बसायची. एकदाही चुकली नाही. प्रत्येक गाण्यानंतर मल्लिकार्जुन हात वर करायचा, आणि हॉल दणाणून जायचा.

बाई नमस्कार करून आत गेली. मग व्हायोलिन आणि चेलो पुढं सरकले आणि मोठी चीज सुरू झाली.

पहिला तुकडा सावकाश वर चढला आणि सावकाश उतरला. शेवटचा सूर विरला. मल्लिकार्जुननं हात मांडीवर घट्ट दाबून धरला. चारशे पोरं गप्प बसली, अगदी शिकवल्यासारखी.

ठक ठक. ठक.

आता स्टेजखालून. शंकाच नको. त्यानं मान वळवून पोरांकडं बघितलं. पोरं समोर बघत होती, त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. पण पुढच्या दोन रांगा! नव्या गावची सगळी माणसं, म्हातारी, मधल्या वयाची, एकूणएक खाली फरशीकडं बघत होती. नागुबाईनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते.

म्हणजे हे आपल्या डोक्यातलं नाही. मल्लिकार्जुनला त्याची भीती जास्त वाटली.

दुसरा तुकडा निघाला. त्यात चेलोचा एक खर्जातला सूर सारखा परत यायचा. मल्लिकार्जुनच्या डोक्यात एक विचार आला आणि तो त्याला बुडत्या माणसासारखा धरून बसला: खर्ज सूर, पोकळ स्टेज, एखादी सैल फळी. सूर लागला की फळी थरथरते, सुटली की आपटते. किती सोपं! पण फळी आपटेल ती सूर चालू असताना. सगळं थांबल्यावर, मोजून मापून, दोन आणि एक, ती कशाला आपटेल?

५

दुसरा तुकडा संपायला आला तसं त्याच्या लक्षात आलं की भीती ठोक्यांची नाहीच. ठोके तर पंधरा वर्षं त्याच्या झोपेत होतेच. भीती शिवांगीची होती. तिनं डोकं थोडं तिरकं केलं होतं. लहान असताना बाहेर तिच्या नावाची हाक आली की ती अशीच मान करायची.

शेवटचा सूर संपला मात्र, मल्लिकार्जुननं हात वर केला आणि स्वतःच टाळ्या पिटायला सुरुवात केली.

पोरं क्षणभर गोंधळली आणि मग तुटूनच पडली. शिट्ट्यासुद्धा झाल्या. व्हायोलिनवाली हसली, म्हाताऱ्यानं समजूतदारपणे मान लववली. त्या गदारोळात खालचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि मल्लिकार्जुनला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

अण्णारावसर पहिल्या रांगेच्या टोकाला त्याच्या शेजारीच बसले होते. त्यांनी त्याचं मनगटच धरलं. "मल्लिकार्जुन सर, हे काय लावलंय? सगळ्यांना शिकवून तुम्हीच चुकता? टीव्हीवाले आलेत."

"सर, शिवांगीला खाली घेऊ. बरं वाटत नाही तिला."

"ती मजेत आहे. बघा तरी." आणि त्यांनी मनगट सोडलं नाही.

त्यानं स्टेजकडं बघितलं. शिवांगी त्याच्याकडंच बघत होती. शरमेनं लाल झालेली. सगळ्या क्लासदेखत बापानं शोभा केली होती. तिनं हळूच ओठांवर बोट ठेवलं, पप्पा, गप्प.

मागच्या रांगेतून नागुबाई पुढं वाकली. तिचा श्वास त्याच्या कानाला लागला. "उत्तर द्यायचं न्हाई, हे सांगितलास का तिला?"

त्यानं मान हलवली. नाही.

"आरं देवा," नागुबाई म्हणाली.

६

तिसरा तुकडा फार सुंदर होता, असं नंतर सगळे म्हणाले. मल्लिकार्जुननं त्यातलं काही ऐकलं नाही. तो एकच ठरवत होता. हा संपला की पुन्हा टाळी पिटायची, नोकरी गेली तर गेली, पोरगी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

आणि शेवटच्या सुरावर लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती. पण लातुरात लाइट जाण्याचं कुणाला काय नवल! पोरं हूं म्हणाली नाहीत. सरांनी शिकवलं होतं, शांतता हा संगीताचाच भाग. त्यानं हात वर केला, पण काळोखात तो दिसणार कुणाला? टाळी मारायला गेला तर अण्णारावसरांनी दोन्ही हात धरून खाली दाबले. त्यानं तोंड उघडलं. ओरडणार, तेवढ्यात:

ठक ठक. ठक.

आणि वरून, स्टेजवरून, पियानोच्या लाकडावर बोटाच्या पेरानं, अगदी सहज:

ठक. ठक ठक.

आधी एक, मग दोन. ऐकलं, आलोच. हे उत्तर तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. ते शिकायची एकच जागा होती, आणि तिथं ती अडीच वर्षांची असताना आईच्या जवळ पडून होती.

पुढच्या दोन रांगांतून एकदम एक हुंदका आला. बाहेर तय्यबचा जनरेटर धडधडला, दिवे आले.

स्टूल रिकामं होतं.

म्हाताऱ्यानं स्टुलाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, जरा वाट पाहिली. मग पोर घाबरून आत गेली असेल असं समजून त्यानं खांदे उडवले, स्वतःच पान उलटलं आणि चौथा तुकडा सुरू केला.

७

मल्लिकार्जुन अण्णारावसरांचे हात झटकून धावला. स्टेजच्या मागं एकच दार होतं आणि त्यात तय्यब उभा होता.

"शिवांगी कुठं गेली?"

"इथून कुणी गेलं न्हाई सर. स्विचपाशी मीच हाय की."

"अरे नीट आठव!"

"अल्लाची कसम सर, चिटपाखरू न्हाई." तय्यबनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि बॅटरी त्याच्या हातात दिली.

तो स्टेजच्या पुढच्या बाजूला आला आणि सगळ्या हॉलदेखत गुडघ्यांवर बसला. झालर वर केली. डोक्यावर तिन्ही वाद्यं नुसती उधळली होती, चौथा तुकडा वेगाचा होता, फळ्या थरथरत होत्या. त्याला ऐकायचं होतं. फक्त ऐकायचं होतं, कुठून, किती खोलातून. पण त्या गजरात काही ऐकू येईना.

बॅटरीच्या उजेडात फरशी दिसली. पांढरी माती आता चिमूटभर नव्हती, बोटभर थर होता. मधोमध हिरव्या ओढणीचं टोक पडलं होतं. त्यानं ते धरलं, ओढलं. ते येईना. उरलेली ओढणी दोन फरश्यांच्या सांध्यात गेली होती. त्या सांध्यात पोस्टकार्डसुद्धा शिरलं नसतं.

ओढणी त्याच्या मुठीत हलली. खालून कुणीतरी तिला झटका देत होतं. एकदा. मग दोनदा.

चौथा तुकडा संपला.

मल्लिकार्जुन झालरीखालून मागं सरकला, हॉलकडं वळला आणि गप्प बसा, आवाज ऐका, असं सांगायला त्यानं हात वर केला.

सरांचा हात वर झाला होता. चारशे पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "गप्प!" तो ओरडला, "गप्प बसा रे!" आणि दोन्ही हात हलवले, तशी ती उभी राहून वाजवायला लागली. मागच्या पोरांनी खुर्च्या बडवल्या. कलावंत वाकून नमस्कार करत होते, अण्णारावसर हार घेऊन पायऱ्या चढत होते. हॉल पडला तरी चालेल, असं सरांनीच सांगितलं होतं.

फक्त पुढच्या दोन रांगा वाजवत नव्हत्या. नव्या गावची माणसं खुर्च्यांवरून खाली उतरली होती आणि फरशीवर कान लावून पडली होती. नागुबाई काठी टाकून हातांवर ओणवी झाली होती. तिनं मल्लिकार्जुनकडं बघितलं आणि दोन बोटं वर केली.

त्याला आधी कळलं नाही. त्यानं झालरीखाली शिरून ओढणी मुठीत धरली, गाल मातीत टेकला आणि कान फरशीला लावला. टाळ्या ओसरत गेल्या, इकडची एक, तिकडची एक, आणि मग थांबल्या.

खाली ठोके पडत होते. दोन जागांहून. एक संथ, तांब्याचा, ओळखीचा. आणि त्याच्या अगदी जवळ दुसरा, हलका, घाईघाईचा, नुसत्या पेरांचा.

"आलो गं," मल्लिकार्जुन म्हणाला. त्यानं मूठ वळून फरशीवर ठोका दिला, एक, मग दोन, आणि नखांनी सांधा उकरायला लागला. मागं तय्यब पहारीसाठी ओरडत होता. हे ठोके किती वेळ चालतात, ते मल्लिकार्जुनला माहीत होतं.